नेटवर्क प्रवाह समस्या

नेटवर्क प्रवाह समस्या म्हणजे मार्गांच्या जाळ्यातून माल, वाहने, पाणी किंवा माहिती कमीत कमी खर्चात, अथवा जास्तीत जास्त प्रमाणात, कशी नेता येईल हे ठरविण्याची गणिती समस्या होय. ऑपरेशन्स रिसर्च आणि आलेख सिद्धांत या दोन्ही शाखांत तिचा अभ्यास होतो. अशा समस्या सोडविणाऱ्या तयार संगणकीय लायब्ररीला सॉल्व्हर म्हणतात. जाळ्याचे वर्णन आज्ञावलीत लिहून दिले की आकडेमोड सॉल्व्हर करतो. वर्णन वस्तुस्थितीला धरून आहे की नाही, हे मात्र तो तपासत नाही.

स्वरूप

जाळे हे शिरोबिंदू आणि कडा यांचे बनलेले असते. कारखाना, गोदाम, चौक हे शिरोबिंदू. त्यांना जोडणारे रस्ते म्हणजे कडा. प्रत्येक कडेला दिशा, क्षमता आणि दर नगामागील खर्च असतो. काही शिरोबिंदूंवर पुरवठा, काहींवर मागणी असते. उरलेल्यांत जितके येते तितकेच बाहेर पडते. क्षमता, पुरवठा व मागणी पूर्णांकी असतील, तर उत्तम उत्तरांपैकी किमान एक तरी पूर्णांकी असते, हा या समस्येचा मोठा गुण. साध्या रेषीय प्रोग्रॅमिंगमध्ये ‘साडेतीन ट्रक पाठवा’ असे उत्तर येऊ शकते. येथे ती अडचण टाळता येते.

इतिहास

सोव्हिएत संघातील ए. एन. टॉल्स्टॉय यांनी १९३० मध्ये रेल्वे मालवाहतुकीचे अंतर कमी करण्याची पद्धत मांडली. अमेरिकेत फ्रँक हिचकॉक यांनी १९४१ मध्ये वाहतूक समस्येची मांडणी केली, तर जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ ची. १९५५ मध्ये हॅरिस व रॉस यांनी रँड संस्थेसाठी सोव्हिएत रेल्वेचाच अभ्यास केला. पण त्यांचा हेतू उलटा, म्हणजे ती वाहतूक कोठे तोडता येईल हे शोधण्याचा होता. हा अहवाल १९९९ पर्यंत गोपनीय राहिला. त्याच प्रश्नातून फोर्ड व फल्कर्सन यांचा ‘महत्तम प्रवाह म्हणजे लघुतम छेद’ हा सिद्धांत पुढे आला. जाळ्यातून जास्तीत जास्त किती माल जाईल, हे त्याच्या सर्वांत अरुंद छेदावर ठरते, असे तो सांगतो.

मराठी वाचकाला जवळचे नाव नरेंद्र करमरकर यांचे. ग्वाल्हेर येथे जन्मलेल्या आणि आयआयटी मुंबईचे पदवीधर असलेल्या करमरकरांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये असताना रेषीय प्रोग्रॅमिंगसाठी नवी पद्धत दिली. तिच्यापासून विकसित झालेल्या अंतर्बिंदू पद्धती आजच्या अनेक सॉल्व्हरांत सिम्प्लेक्सच्या जोडीने वापरल्या जातात.

औद्योगिक पट्ट्यातील उदाहरण

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमुळे पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी येथे कारखानदारी वाढली आणि पुढे ती चाकण, तळेगाव व रांजणगावकडे सरकली. भोसरीतील लहान कारखान्यांत बनलेले सुटे भाग चाकणच्या वाहन कारखान्यांना पुरविले जातात. जुळणीच्या ठिकाणी साठा थोडाच ठेवण्याची रीत असल्याने ट्रक अडकला की उत्पादन खोळंबते.

पुढील आकडे काल्पनिक आहेत. भोसरीच्या गोदामातून रोज ८ आणि तळेगावच्या गोदामातून ७ ट्रक निघतात. चाकणला ९ व रांजणगावला ६ ट्रक हवेत. भोसरी–चाकण खेपेस १,८०० रुपये, भोसरी–रांजणगाव ४,८००, तळेगाव–चाकण २,००० आणि तळेगाव–रांजणगाव ६,६०० रुपये पडतात. ‘सर्वांत स्वस्त वाट आधी भरा’ या नेहमीच्या हिशोबाने भोसरीचे आठही ट्रक चाकणला जातात, तळेगावचा एक चाकणला व सहा रांजणगावला. खर्च ५६,००० रुपये. सॉल्व्हर मात्र तळेगावचे सातही ट्रक चाकणला आणि भोसरीचे दोन चाकणला व सहा रांजणगावला पाठवितो. खर्च ४६,४०० रुपये. स्वस्त वाट सोडून दिल्यामुळे रोजचे ९,६०० रुपये वाचतात, ही गोष्ट अनुभवी वाहतूक व्यवस्थापकालाही चटकन पटत नाही.

सॉल्व्हरचा वापर

पायथन भाषेत यासाठी गूगलची ओआर-टूल्स ही लायब्ररी वापरतात. शिरोबिंदूंना क्रमांक देऊन प्रत्येक कडेची सुरुवात, शेवट, क्षमता व दर नगामागील खर्च नोंदवावा लागतो. मग प्रत्येक शिरोबिंदूचा पुरवठा सांगून सोडविण्याची आज्ञा द्यावी लागते. ओआर-टूल्समध्ये पुरवठा धन व मागणी ऋण धरतात. नेटवर्कएक्स या दुसऱ्या प्रचलित लायब्ररीत नेमके उलटे असून तेथे माल पाठविणाऱ्या शिरोबिंदूची मागणी ऋण लिहितात. एका लायब्ररीतील आज्ञावली दुसरीत नेताना येथे हमखास घोटाळा होतो. आकडे पूर्णांकी द्यावेत. रुपयांत अपूर्णांक असतील तर पैशांत लिहावेत.

उत्तराआधी स्थिती पाहणे आवश्यक आहे. ‘ऑप्टिमल’ म्हणजे उत्तम उत्तर मिळाले, ‘अनबॅलन्स्ड’ म्हणजे एकूण पुरवठा व मागणी जुळत नाही, आणि ‘इन्फीजिबल’ म्हणजे दिलेल्या क्षमतेत मागणी भागतच नाही. पुरवठा जास्त असेल तर शिल्लक माल शून्य खर्चाने घेणारा एक बनावट शिरोबिंदू जोडतात.

चौकाची क्षमता

तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्ता आणि पुणे–नाशिक महामार्ग चाकणच्या तळेगाव चौकात एकमेकांना छेदतात. तेथील कोंडी परिसरात सर्वांच्या परिचयाची आहे. वरील उदाहरणातील कारखाना चौकाच्या पूर्वेस, शिक्रापूर रस्त्यावर आहे असे समजले, तर भोसरी–रांजणगाव सोडून उरलेल्या तिन्ही वाटा या चौकातूनच जातात. समजा, एके दिवशी भोसरीतून ३ व तळेगावातून १२ ट्रक निघाले आणि ठरलेल्या वेळेत चौकातून १० ट्रकच जाऊ शकतात. तिन्ही कडांना वेगवेगळी १० ही क्षमता दिली, तर सॉल्व्हर तळेगावचे ९ ट्रक चाकणला व ३ रांजणगावला पाठवून ‘ऑप्टिमल’ असे कळवितो. कागदावर हिशोब बरोबर असतो, रस्त्यावर दोन ट्रक अडकून राहतात.

यावरचा उपाय म्हणजे चौकाचे दोन शिरोबिंदू करणे. एकात वाहने येतात, दुसऱ्यातून बाहेर पडतात आणि दोहोंमधील एकाच कडेला १० ही क्षमता देतात. आता उत्तर ‘इन्फीजिबल’ येते. ते निराशाजनक असले तरी खरे असते, आणि गाडी भरण्यापूर्वी मिळते. त्यानंतर कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त प्रवाह काढण्याची आज्ञा दिली, तर १५ पैकी १३ ट्रक पोहोचतात असे दिसते. उरलेल्या दोघांची वेळ बदलता येते.

मर्यादा

एकच ट्रक अनेक पुरवठादारांकडे फिरून माल गोळा करतो, त्या ‘मिल्क रन’ला ही मांडणी पुरत नाही, तो वाहन मार्गनिश्चितीचा विषय असून ओआर-टूल्समध्ये त्यासाठी वेगळा विभाग आहे. ट्रक अर्धा भरला तरी भाडे पूर्ण द्यावे लागत असेल, किंवा एकाच रस्त्यावरून अनेक प्रकारचा माल क्षमता वाटून घेत असेल, तर पूर्णांकी उत्तराची हमी राहत नाही. तेव्हा मिश्र पूर्णांकी प्रोग्रॅमिंग करणारे सीबीसी किंवा हायस यांसारखे मुक्त सॉल्व्हर वापरतात. त्यांना मोठ्या जाळ्यासाठी बराच अधिक वेळ लागू शकतो.