परक्याच्या लेकरांचे बाप

बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् या वसाहतींत आपल्या मंडळातील कितीतरी कुटुंबे आज नांदत आहेत. तेथील रुंद रस्ते, दुतर्फा वृक्षराजी आणि ऐसपैस आखणी पाहून मन प्रसन्न होते. परंतु या आखणीमागे एका राष्ट्रीय आपत्तीचा इतिहास आहे, याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्रकटलेला गाठीचा ताप १८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला येऊन पोहोचला. जुन्या पेठांतील दाट वस्तीत त्याने हाहाकार माजविला. या वसाहतींची कल्पना आधीची असली, तरी लोकांनी पेठ सोडून मोकळ्या हवेत राहावे ही निकड प्लेगने निर्माण केली. येथे अजूनही 'प्लेगम्मा'ची देवळे आढळतात, ती त्याच भयाची खूण होय.

याच सुमारास आपल्या मायभूमीवर दुहेरी संकट कोसळले होते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ अवघ्या चार वर्षांत पडले आणि त्यांच्या जोडीला प्लेग होताच. आगगाडीने धान्य येत होते. पण ते विकत घेण्यास शेतकऱ्याच्या गाठीला पैसा नव्हता. खडी फोडण्याच्या कामावर गेलेली माणसे तेथेच पटकीने मरत आणि त्यांची लेकरे रस्त्यावर येत. ही लेकरे कोणाची, हा त्या काळाचा सर्वांत कठीण प्रश्न होता. जात, गाव आणि भाऊबंद हे जे तीन आधार आपल्या समाजाने मानले होते, ते तिन्ही दुष्काळाने एकदम मोडून टाकले होते.

या प्रश्नाला महाराष्ट्रात काही थोर व्यक्तींनी आपल्या आयुष्यानेच उत्तर दिले. सावित्रीबाई फुले यांनी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी त्या साथीत दवाखाना चालविला होता. पंडिता रमाबाईंनी दुष्काळग्रस्त मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात आणून त्यांच्या आईची जागा घेतली. या मातांची नावे आपण आदराने घेतो. प्रस्तुत लेखात मात्र आम्हांस एका पित्याचे स्मरण करावयाचे आहे. ते पिता म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

'फुलांमुलांचे कवी' म्हणून आपण त्यांना शाळेपासून ओळखतो. 'केवढे हे क्रौर्य'मधील घायाळ पक्षिणी ज्याला आठवत नाही, असा जुना मराठी विद्यार्थी विरळा. 'बापाचे अश्रू' या नावाची कविताही त्यांनी लिहिली. परंतु मुलांवर इतके प्रेम करणाऱ्या या कवीला स्वतःच्या मुलापासून काही वर्षे दूर राहावे लागले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलाची प्रत दिली. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी एका चित्पावन ब्राह्मणाने असे करणे म्हणजे आपल्या हाताने आपले घर मोडणे होते. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन आप्तांच्या आश्रयाने राहिल्या; त्यांतील बराच काळ पंढरपुरात गेला. मुलगा विठाई माउलीच्या नगरीत वाढत होता आणि देवाला 'पिता' म्हणून हाक मारणारा बाप दूर अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) एकटा होता. श्रद्धेची एवढी जबर किंमत बापाने दिली आणि ती बायकोमुलालाही द्यावी लागली. टिळकांच्या थोरवीचे गोडवे गाताना लक्ष्मीबाईंचे हाल विसरणे अन्यायाचे होईल. त्यांनी स्वतः 'स्मृतिचित्रे'त ते कोणताही आडपडदा न ठेवता सांगितले आहेत.

ही ताटातूट चार-पाच वर्षांनी संपली आणि लक्ष्मीबाई नगरास आल्या, तो काळ दुष्काळाचाच होता. अमेरिकन मराठी मिशनच्या आवारात अनाथ मुले दाखल होत होती. मिशनचे डॉ. रॉबर्ट ह्यूम हे या कामाचे धुरीण. दुष्काळातील सेवेबद्दल सरकारने त्यांना 'कैसर-ए-हिंद' पदक दिले. टिळक दांपत्यही या कामात ओढले गेले. सोवळेओवळे कटाक्षाने पाळणाऱ्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंनी, कोणत्या जातीची कोण हे न विचारता, परक्या लेकरांना जवळ घेतले. पुढे त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळकांचे घर तेव्हापासून कधी चार माणसांचे राहिलेच नाही. हातात पैसा टिकत नसे, पण दारी आलेले पोर परत जात नसे. आणि या औदार्याचा हिशेब जुळविण्याचे काम बहुधा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. दुष्काळातील अनाथांना मिशनऱ्यांनी अन्न दिले ते धर्मांतरासाठी, असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले आणि आजही म्हटले जाते. भुकेल्या मुलाला अन्न देणारा हात त्याच्या श्रद्धेवरही हक्क सांगू लागला, तर ते पितृत्व नव्हे, हे आम्हांसही मान्य आहे. अनाथाश्रमांतील मुले ख्रिस्ती म्हणून वाढली, हे खरेच आहे. मात्र त्याबरोबर, ती मुले दारात आली तेव्हा त्यांच्या जातभाईंची दारे बंद होती, हेही तितकेच खरे आहे. आणि आक्षेप घेणाऱ्यांनी आधी त्याचे उत्तर शोधावयास हवे. टिळकांपुरते बोलावयाचे, तर त्यांच्या आयुष्यातच या आक्षेपाचे उत्तर सापडते.

ते उत्तर म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, अर्थात बालकवी. धरणगावी जन्मलेला हा हळवा तरुण नगरास टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. त्याचे रुसवेफुगवे आणि लाडिकपणा लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने टिपून ठेवले आहेत. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. त्यामुळे त्या घरातील त्यांच्या पानात काही कमी पडले नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा या दांपत्याला पुत्रशोकच झाला. त्याआधी १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईस निवर्तले.

तुकोबांच्या अभंगांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. आपल्या संतांनी देवाला माउली म्हटले, ख्रिस्ताने पिता म्हटले. टिळकांनी ख्रिस्तालाच मातागुरू म्हणून दोन्ही नाती एकत्र आणली. आम्हांस वाटते, ही केवळ कवीची शब्दयोजना नव्हती. देव जर सर्वांचा पिता असेल, तर रस्त्यावरचे पोर परके कसे, हा त्यातून निघणारा सरळ प्रश्न होता आणि तो त्यांनी आपल्या उंबरठ्याच्या आत सोडविला.

दुरावलेला दत्तूही बापाला गमावून बसला नाही. देवदत्त नारायण टिळक यांनी पुढे वडिलांच्या आठवणी लिहून काढण्याचा आईला आग्रह धरला आणि त्यातून १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. श्रद्धेपायी मोडलेल्या घराने अशा रीतीने मराठी भाषेला कायमचे ऋणी करून ठेवले.

सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दुष्काळाचा आणि प्लेगचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण मायभूमीपासून दूर राहणाऱ्या आपणांस रक्ताचे नातेवाईक हाकेच्या अंतरावर नसतात. २०२० आणि २०२१ च्या महासाथीत या शहरातील अनेक घरांना त्याचा प्रत्यय आला. आईबाप रुग्णालयात आणि लेकरे शेजाऱ्यांच्या स्वाधीन, अशी वेळ कितीजणांवर आली! अशा वेळी ज्याने दार उघडले तोच काका आणि जिने ताटात वाढले तीच मावशी ठरली. मंडळाचे कार्य नाटके, गणेशोत्सव आणि हळदीकुंकू यांनी शोभते. त्याची खरी कसोटी मात्र अशा दिवसांत लागते. पुढील पन्नास वर्षांत आपल्यापैकी कोणाचेही लेकरू या नगरीत परके ठरू नये आणि आपल्या दारी आलेले दुसऱ्याचे लेकरू कोणत्या जातीचे, धर्माचे वा भाषेचे हे विचारण्याची बुद्धी आपणांस न होवो, एवढीच या शुभप्रसंगी आमची प्रार्थना आहे.