टसरची कात

टसरची अळी अंड्यातून निघाल्यापासून कोष विणेपर्यंत चार वेळा कात टाकते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या ऐन-अर्जुनाच्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या टसर पाळणाऱ्या ढिवर समाजाचे कामही या चार टप्प्यांच्या बेताने चाले. तुतीच्या रेशीमकिड्यासारखी ही अळी घरात वाढत नाही. ती उघड्या झाडावर असते, त्यामुळे पाखरे, मुंग्या आणि गांधीलमाश्यांपासून तिची राखण करावी लागते. एका झाडाचा पाला संपला की अळ्या दुसऱ्या झाडावर न्यायच्या. मात्र खाणे थांबवून, मागचे पाय फांदीला रोवून अळी निश्चल झाली, म्हणजे मोल्टवर बसली, की तिला हात लावायचा नाही. पाळणीच्या दिवसांत सोवळ्याओवळ्याचे कडक नियम पाळण्याची रीतही मध्य भारतातल्या टसर पाळणाऱ्यांत होती.

कोष उकळून काढलेला धागा विणकरांकडे जाई. कोष्टी या जातिनामाची व्युत्पत्ती कोशाशीच लावली जाते. भोसल्यांच्या राजधानीमुळे नागपूर ही या मालाची जवळची पेठ होती. करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीचे काठ असलेली करवतकाठी साडी ही विदर्भातल्या टसरची ठळक ओळख, आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे. राज्याचे रेशीम संचालनालय 1997मध्ये नागपुरातच सुरू झाले.

कोषाचा धागा प्रथिनाचा असतो. झाडाखाली गळून पडणारी, कोणी न उचललेली कात मात्र वेगळ्याच पदार्थाची, कायटिनची. फ्रान्समधल्या नान्सी येथे आंरी ब्राकोनो यांनी 1811मध्ये तो प्रथम अळिंबीतून वेगळा केला. 1823मध्ये ओदिए यांना तोच भुंगेऱ्यांच्या कठीण पंखांत सापडला, आणि अंगरख्याला असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याला कायटिन हे नाव दिले. अळीच्या बाबतीत हे नाव फारच चपखल आहे, कारण हा अंगरखा अंगाबरोबर वाढत नाही.

कायटिन म्हणजे एकाच शर्करेची लांब साखळी. एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइनचे शेकडो-हजारो रेणू एकापुढे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक रेणू मागच्याच्या उलटा फिरलेला असतो. कापसातल्या सेल्युलोजची रचना जवळजवळ हीच. फरक इतकाच की सेल्युलोजमध्ये दुसऱ्या कार्बनला हायड्रॉक्सिल गट असतो, तर इथे नायट्रोजन असलेला ॲसिटामाइड गट असतो. या गटांमुळे शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरतात. कीटकांत त्या आलटून पालटून उलटसुलट दिशांनी रचलेल्या असतात. या रूपाला अल्फा कायटिन म्हणतात. म्हणून कायटिन पाण्यात विरघळत नाही. तरीही ते स्वतः फार कठीण नसते. भुंगेऱ्याच्या पाठीचा टणकपणा येतो तो त्यात गुंतलेल्या, एकमेकांशी सांधल्या गेलेल्या प्रथिनांमुळे. खेकड्याच्या कवचात कॅल्शियम कार्बोनेटचीही भर पडते.

मग एवढा चिवट अंगरखा अळी उतरवते कशी? मोल्टवर बसलेली अळी बाहेरून झोपल्यासारखी दिसते, पण आत मोठी धावपळ चालू असते. एक्डायसोन या संप्रेरकाच्या इशाऱ्यावर त्वचेच्या पेशी जुन्या आवरणापासून सुटतात आणि मधल्या फटीत एक द्रव स्रवतो. त्यातली एंझाइमे आधी निष्क्रिय असतात. नव्या आवरणाचा पातळ बाह्य थर तयार झाला की मगच ती जागी होतात, एरवी नवे कातडेही पचून गेले असते. कायटिनेज साखळी मधेमधे तोडून तिचे लहान तुकडे करते, आणि दुसरे एंझाइम त्या तुकड्यांच्या टोकांकडून एकेक शर्करा सोडवते. ही शर्करा अळी पुन्हा शोषून घेते. बाहेरचा घट्ट झालेला थर पचत नाही. तोच कात होऊन पडतो. हालवल्यावर अळीची पकड सुटते आणि कात अर्धवट अडकून ती दगावते, हे रानातल्या माणसाला या रसायनाविना ठाऊक होते.

प्रयोगशाळेत कायटिन एंझाइमांनी तोडण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग झाला तो गोगलगाईच्या पाचकरसाने. झुरिकमधल्या आल्बेर्ट होफमन यांचा 1929चा डॉक्टरेटचा प्रबंध याच विषयावर होता. पुढे त्यांचे नाव झाले ते एलएसडीमुळे.

टसरचा पतंग कोषातून बाहेर पडताना जे एंझाइम वापरतो, त्याचा कायटिनशी संबंध नाही. कोकूनेज नावाचे ते एंझाइम धाग्यांना चिकटवणारे प्रथिन सैल करते.

कापसाच्या शेतात कात टाकण्याची हीच गरज अळीविरुद्ध वापरली जाते.  1970च्या दशकात डायफ्लुबेन्झुरॉन हे कायटिन बनणेच अडवणारे कीटकनाशक जगात आले. त्याच गटातले नोव्हाल्युरॉन पुढे बोंडअळ्यांवर फवारले जाऊ लागले. अशा औषधाने अळी लगेच मरत नाही. पुढची कात टाकताना तिचे नवे आवरण फाटते. हे औषध वाऱ्याबरोबर रेशमाच्या झाडांवर गेले तर तिथली अळीही याच रीतीने मरते.

कायटिन अल्कलीत तापवले की ॲसिटिल गट निघून कायटोसान मिळते. शार्ल रुजे यांनी 1859मध्ये हा बदल नोंदवला. कायटोसान सौम्य आम्लात विरघळते आणि त्याच्या मोकळ्या अमाइन गटांवर धातूंचे आयन बसतात. 1958मध्ये सुरू झालेल्या आणि आज नीरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेने त्याचा वापर विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर करून पाहिला. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या गावांत दात-हाडे बिघडवणारा हा फ्लोराइड भारतीय मानकानुसार लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चालतो, आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5पर्यंत. 2007मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साधे कायटिन आणि साधे कायटोसान फ्लोराइड फारसे धरत नव्हते. लँथेनम हा धातू चढवलेले कायटोसान मात्र त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त धरत होते. कायटोसान मिळते ते मुख्यतः किनाऱ्यावर साठणाऱ्या कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून. टसरची कात ऐनाखालीच पडून राहते.