दवाखाना चालवणारे पँथर

ब्लॅक पँथर म्हटले की आपल्या तरुणांच्या डोळ्यांसमोर काळे जाकीट, काळी टोपी आणि खांद्यावरची बंदूक उभी राहते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्याच नावाची प्रेरणा घेऊन. आपण नाव घेतले, बाणा घेतला. मग त्यांचे दवाखाने आपल्या आठवणीत का राहिले नाहीत? हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारतो.

ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी हा पक्ष स्थापन केला. पहिल्या दहा कलमी कार्यक्रमात रोजगार, घर, शिक्षण, पोलिसी अत्याचार हे सारे होते. आरोग्याचे स्वतंत्र कलम नव्हते. ते शिकवले वस्तीने. १९७० साली सील यांनी प्रत्येक शाखेने मोफत दवाखाना उघडावा असा आदेश काढला. काळ्या आणि सर्व शोषित जनतेला मोफत आरोग्यसेवा ही मागणी कार्यक्रमात आली ती १९७२ साली. म्हणजे मागणी कागदावर येण्याआधी दवाखाने वस्तीत उभे होते.

शिकागोचे उदाहरण पाहा. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी २१ वर्षांच्या फ्रेड हॅम्प्टनला त्याच्या घरात गोळ्या घालून मारले. पक्षाच्या आरोग्य विभागाचा तरुण प्रमुख रोनाल्ड सॅचेल त्याच छाप्यात जखमी झाला. पुढच्याच महिन्यात शिकागोचा दवाखाना सुरू झाला. शोकसभेनंतर काय करायचे, याचे हे उत्तर होते.

पण डॉक्टर आले कोठून? पक्षाकडे पगार द्यायला पैसा नव्हता. डॉक्टर, परिचारिका आणि मेडिकलचे विद्यार्थी आपली ड्युटी आणि कॉलेज सांभाळून फुकट काम करायला आले. त्यांत गोरेही होते. नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांना वैद्यकीय मदत द्यायला १९६४ साली 'मेडिकल कमिटी फॉर ह्युमन राइट्स' स्थापन झाली होती. तिचे लोकही मदतीला आले. मात्र दवाखाना कोणाचा, हे स्पष्ट होते. निर्णय संघटनेचा, ज्ञान पाहुण्यांचे. शिवाय ते ज्ञान पाहुण्यांकडेच राहायचे नव्हते. रक्तदाब कसा मोजायचा, रुग्णाची माहिती कशी घ्यायची, हे वस्तीतली पोरेपोरी त्यांच्याकडून शिकली आणि घरोघरी गेली.

१९७१ पासून पक्षाने सिकलसेलची मोहीम हाती घेतली. अमेरिकेत या आजाराची वैद्यकीय नोंद १९१० सालीच झाली होती. पण रुग्ण बहुतेक काळे, म्हणून साठ वर्षे सरकारला त्याची निकड वाटली नाही. पँथरांनी वस्त्यांमध्ये, मेळाव्यांत बोटातून रक्त घेऊन तपासणी सुरू केली, आजार समजावून सांगितला. मे १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना सिकलसेलच्या कायद्यावर सही करावी लागली. श्रेय एकट्या पँथरांचे नाही, पण रेटा त्यांचाही होता.

या इतिहासाची दुसरी बाजूही आम्ही लपवणार नाही. त्या साध्या चाचणीत वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नसे; त्यासाठी पुढची तपासणी लागते. वाहक सहसा निरोगी असतो. पण अनेक राज्यांनी घाईघाईने सक्तीचे कायदे केले, समजावणे मागे पडले, आणि निरोगी वाहकांना नोकरी व विमा नाकारला गेला. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांसाठी १९८१ पर्यंत बंद होते. शिक्षणाशिवाय केलेली तपासणी म्हणजे कपाळावर मारलेला नवा शिक्का.

हे आपल्याला कळायला हवे, कारण सिकलसेल आपल्याही घरात आहे. विदर्भातील आदिवासी आणि बौद्ध समाजात तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. तपासणी व्हावीच. पण आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि एकटा वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे सुनेला 'दोषी' ठरवणाऱ्या घरात बसून कोण सांगणार?

हे काम आपल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांचे आहे. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या संधीमुळे आज ते त्या वर्गात बसले आहेत. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला ते शिबिरे घेतात, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण शिबीर संध्याकाळी संपते, बॅनर गुंडाळला जातो, वस्ती तिथेच राहते. सिएटलच्या पँथरांनी सुरू केलेला दवाखाना नाव बदलून आजही चालतो आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ आरोग्याची असावी. विद्यार्थ्याने उपकारकर्ता म्हणून येऊ नये, कार्यकर्ता म्हणून यावे. आणि जाताना वस्तीतल्या दोन मुलींना रक्तदाब मोजायला शिकवून जावे. 'शिका' या शब्दात 'शिकवा' हेही आलेच.

जय भीम!