काहीही न घेता देणारी क्रिया

बेरीज दोन संख्या घेते आणि एक देते. विरुद्ध संख्या काढायला एकच संख्या पुरते : ५ दिले की −५ मिळतात. मग एकही संख्या न घेता उत्तर देणारी क्रिया असेल का? वर्गात कोणी असे विचारले तर आपण बहुधा हसून सोडून देऊ. बीजगणिताला मात्र हा प्रश्न गांभीर्याने घ्यावा लागला.

१८५४ मध्ये आर्थर केली यांनी गटाची व्याख्या केली. वेगवेगळ्या चिन्हांचा संच घ्यायचा. त्यातल्या कोणत्याही दोघांचा गुणाकार संचातच यायला हवा. त्यांच्या यादीत पहिले चिन्ह १ होते. म्हणजे अविकारक घटक तिथे हजर होता, पण संचाचा एक सभासद म्हणून. १८८९ मध्ये जुझेप्पे पेआनो नैसर्गिक संख्यांची गृहीतके मांडत होते. ‘पुढची संख्या’ ही क्रिया हाताशी असली तरी सुरुवात कुठून करणार? विरजणाशिवाय दही लागत नाही. म्हणून त्यांनी १ हा मुळातच दिलेला मानला. पुढे ती जागा शून्याला दिली.

आपल्या पुस्तकांत ‘असा एक घटक अस्तित्वात असतो, की...’ अशी भाषा असते. तेवढी पुरते का, हे करूनच पाहू या. ० ते ५ या संख्या घ्या. गुणाकार करून ६ ने भागा आणि बाकी लिहा. येथे अविकारक १ आहे. आता फक्त ०, २, ४ घ्या. त्यांचे गुणाकार त्यांच्यातच राहतात. शिवाय ४×२ = ८, बाकी २; ४×४ = १६, बाकी ४; ४×० = ०. म्हणजे येथे ४ हा अविकारक झाला! ‘अस्तित्वात असतो’ ही अट पुरी झाली, पण मूळ संचातला १ हरवला.

१९३५ मध्ये गॅरेट बर्कहॉफ यांनी एक महत्त्वाचा सिद्धान्त दिला. फक्त नित्य समानतांनी वर्णन करता येणाऱ्या रचनांचे उपरचना घेतल्या, गुणाकार केले किंवा क्रिया जपणाऱ्या प्रतिमा घेतल्या, तरी त्या समानता टिकतात. आणि याचा व्यत्यासही खरा आहे. ‘अस्तित्वात असतो’ ही समानता नव्हे. घटकाला नाव दिले की मात्र १×अ = अ ही समानता होते. म्हणून स्थिरांकालाच शून्य घटक घेणारी क्रिया मानतात. मग उपरचनेत तो असलाच पाहिजे. ०, २, ४ बाद. रिकामा संचही बाद.

ही नुसती शब्दांची कसरत नाही, हे मोजून पटते. ० आणि १ ही दोनच चिन्हे घ्या. दोन चिन्हे घेणाऱ्या क्रियेच्या कोष्टकात ४ ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत उत्तराचे २ पर्याय. म्हणून क्रिया १६. एक चिन्ह घेणाऱ्या क्रियेच्या ओळी २, क्रिया ४. काहीच न घेणारीची ओळ १, क्रिया २. त्या दोन कोणत्या? ‘० दे’ आणि ‘१ दे’. शून्य ओळी नव्हेत, एक ओळ. कारण काहीही न देण्याची रीत एकच असते.

हे कोष्टक मुलांकडून फळ्यावर भरून घ्या. शेवटची ओळ त्यांनाच सुचू द्या.