सूक्ष्मप्रवाही चिप, फॉइलची
रक्ताचा थेंबभर नमुना केसाएवढ्या वाहिन्यांतून नेऊन रोगनिदान करणारी पातळ प्लॅस्टिकची चिप. प्लॅस्टिक कमी लागते म्हणून ती स्वस्त, हा समज अपुरा आहे. खरी बचत प्रक्रियेत होते. फॉइलचे रीळ तापलेल्या नक्षीदार रोलरखालून सरकते, वाहिन्या उमटतात आणि वर दुसरी फॉइल चिकटते. साच्याचा खर्च लाखो चिपांवर विभागला जातो (मोजक्याच चिपा हव्या असतील तर हा मार्ग महागच). कागदी चिप याहून स्वस्त, हा आक्षेप रास्त आहे. हार्वर्डमधील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००७ मध्ये ती मांडली. पण पीसीआर या डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या प्रक्रियेत नमुना सुमारे ९५° से.पर्यंत तापवून पुन्हा ६०° से.च्या आसपास आणावा लागतो, तेही अनेकदा. तिथे फॉइलची पातळ भिंत उष्णता झटपट पोचवते. अभिकर्मकांचा आणि गळती तपासण्याचा खर्च मात्र फॉइल वापरल्याने घटत नाही.