कू ची: एका दिवसाची सहल आणि एक फॉरवर्ड

व्हिएतनामची तिकिटं काढली की मराठी माणसाच्या फोनवर एक फॉरवर्ड हमखास येतो. व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते म्हणे शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून, आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या समाधीवर तसं कोरलेलंही आहे! ऊर भरून येतो हो, पण हनोईतल्या हो ची मिन्ह यांच्या समाधीच्या दर्शनी भागावर फक्त त्यांचं पद आणि नाव आहे.

मग ते जिंकले कसे? त्याचं थोडंफार उत्तर हो ची मिन्ह सिटीहून दीड-दोन तासांवर जमिनीखाली आहे. कू चीची भुयारं. १९४०च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंचांविरुद्ध खणायला सुरुवात झाली आणि अमेरिकन येईपर्यंत गावंच्या गावं आतून जोडली गेली. एकूण लांबी सुमारे २५० किमी सांगतात.

यातलं इंजिनिअरिंग जाम भारी आहे. माती जांभ्याच्या जातीची: ओली असताना फावड्याने निघते, वाळली की विटेसारखी घट्ट. कोकणातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. भुयारं तीन मजली. विषारी वायू किंवा धूर सोडला तर तो पुढे जाऊ नये म्हणून मध्ये पाण्याचा अडसर, आपल्या बेसिनखाली वाकडा पाइप असतो ना, तेच तत्त्व! चुलीचा धूर लांबलचक चरांमधून फिरवून विरळ करून बाहेर सोडायचा, म्हणजे वरून विमानाला दिसणार नाही.

जानेवारी १९६६ मध्ये सुमारे ८,००० अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन सैनिक इथे घुसले. पुढच्या जानेवारीत शेजारच्या भागात जवळजवळ ३०,००० सैनिक उतरले आणि बेन सुक नावाचं अख्खं गाव बुलडोझरने सपाट केलं गेलं. पुढे बॉम्बफेकीत भुयारंही बरीच गेली. आत मलेरिया, साप, अंधार. जिंकणं एवढं महाग होतं.

आता महाराजांचा मुद्दा. सह्याद्रीत काळा कातळ आणि उंची, म्हणून आपल्याकडे किल्ले. कू चीत सपाट जमीन आणि चिकणमाती, म्हणून भुयारं. दोघांनीही आपली जमीन शत्रूपेक्षा चांगली ओळखली, हे साम्य खरंच आहे. पण त्यासाठी एकाने दुसऱ्याचं चरित्र वाचायलाच हवं असं नाही. त्यांचे सेनापती व्हो न्ग्वेन जाप आधी इतिहासाचे शिक्षक होते, आणि १२८८ मध्ये मंगोलांना नदीत अडकवून बुडवणारा चान हुंग दाओ त्यांच्याच इतिहासात होता. त्यांच्या लढाईचं श्रेय आपण परस्पर लाटलं तर महाराज मोठे होत नाहीत, आपणच छोटे होतो.

असो. प्लॅन असा करा. सकाळी सातच्या आत निघा, दुपारी ऊन मरणाचं असतं. अर्ध्या दिवसाच्या बहुतेक टूर बेन दिन्हला नेतात, ते जवळ पडतं. गाडी ठरवताना थोडं पुढचं बेन दुओक मागा. पर्यटकांसाठी रुंद केलेल्या भुयारातही वाकूनच जावं लागतं, तेव्हा गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असेल तर वरूनच बघा. एके-४७ चालवायची रेंजही आहे, गोळ्यांच्या हिशेबाने पैसे घेतात. प्रत्येकाने आपलं ठरवावं, मी तरी ते पैसे वाचवायचं ठरवलंय.

तो वेळ बेन दुओकच्या स्मारक मंदिराला द्या. आत भिंतींवर युद्धात गेलेल्यांची ४४ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत. आपल्याला एकही नाव धड उच्चारता येणार नाही, तरी दहा-वीस तरी वाचा. फोटो नंतर काढा. आणि परतीच्या वाटेवर तो फॉरवर्ड पुन्हा आलाच, तर पाठवणाऱ्याला भुयारातल्या चुलीची गोष्ट सांगा. तीही भन्नाट आहे, आणि खरी आहे.