घडीचा पडदा आणि दुरुस्तीचा हक्क

वस्तूची मालकी आणि तिच्या दुरुस्तीचा हक्क यांची फारकत कशी होते, हे घडीच्या पडद्याच्या टॅबलेटच्या अल्प इतिहासातून दिसून येते. चीनमधील रोयोल कंपनीने २०१८ मध्ये ‘फ्लेक्सपाय’ हे उपकरण सादर केले. मिटल्यावर तो फोन होई आणि उघडल्यावर ७.८ इंची टॅबलेट. एप्रिल २०१९ मध्ये सॅमसंगच्या ‘गॅलेक्सी फोल्ड’चे परीक्षणार्थ दिलेले काही नमुने बिघडले. काही परीक्षकांनी पडद्याचा संरक्षक थर साधे आवरण समजून सोलला होता, तर काही ठिकाणी पडद्याखाली कण शिरले होते. कंपनीने विक्री लांबणीवर टाकली, थराच्या कडा चौकटीखाली नेल्या आणि बिजागरीच्या टोकांना झाकणे बसविली. सप्टेंबरमध्ये उपकरण बाजारात आले.

रचना सुधारली, तरी सुट्या भागांसाठी निर्मात्यावरील अवलंबित्व कायम राहिले. युरोपीय संघाने जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार, टॅबलेटची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे सुटे भाग उपलब्ध ठेवणे बंधनकारक झाले. त्यांत पडदा दुमडणाऱ्या यंत्रणेचाही समावेश आहे. मात्र रोयोल २०२४ मध्येच दिवाळखोरीत गेली होती. निर्माताच उरला नाही, तर असे बंधन पाळणार कोण? म्हणूनच सुट्या भागांबरोबर दुरुस्तीचे ज्ञानही निर्मात्याबाहेर पोहोचणे अगत्याचे ठरते.